यशूच्या पेल्यातलं पाणी

धरणगाव,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

प्रिय ज्योतीवहिनी,

सप्रेम जयभीम.

फोन असताना हिने पत्र का पाठवलं, असं तुला वाटेल. रविवारी तुला वीस मिनिटं फोन मिळतो. त्यातली दहा यशूची, पाच भाऊची. उरलेल्या पाचांत रांगेतल्या तुझ्या मागच्या मुली "चला, आवरा ना आता" म्हणतात ते इकडे आम्हाला ऐकू येतं. त्यात काही गोष्टी मावत नाहीत, म्हणून हे पत्र. धुळ्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्राचा पत्ता तू दिला होतास तसाच घातला आहे, आणि पाकिटावर तुझा चेस्ट नंबरही. नावाने शोधत बसायला नको.

यशूची तब्येत आता चांगली आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. रोज सकाळी दूध पिऊन झालं की दहा मिनिटं शी करायला बसते, रडत नाही, पाय आवळून दाराआड उभी राहत नाही. काल भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, ठेचा मागितला, दिला नाही. शाळेत परत जायला लागली आहे. शेजारच्या पुनमला तिने सांगितलं की माझी मम्मी धुळ्याला पळायला शिकते आहे. पुनम म्हणाली, पळायला काय शिकायचं, मला येतं. त्यावरून दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या.

भाऊची जिनिंगला दुपारपाळी चालू आहे. या वर्षी कापूस उशिरा आला, त्यामुळे काम अजून महिनाभर तरी चालेल. घरी येतो तेव्हा डोक्यावर, भुवयांवर कापूस. यशू त्याला म्हातारा बाबा म्हणते.

माझं सेतू केंद्रातलं काम नेहमीसारखंच. शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत, गर्दी असते. तुला माहीत आहे, मी एक अर्ज तीनदा वाचल्याशिवाय पाठवत नाही. त्यावरून तिथले लीलाधरभाऊ रोज बोलतात, "शिल्पाताई, तुमचा एक अर्ज होतो तोवर पोरगं पास होऊन नोकरीला लागतं."

सोमवारी जळगावला डॉक्टर मॅडमकडे यशूला दाखवून आणलं. भाऊला सुटी नव्हती, म्हणून आम्ही दोघीच गेलो, साडेनऊच्या बसने. मॅडमनी पोट दाबून पाहिलं. मऊ आहे म्हणाल्या. वजन अर्धा किलो वाढलं आहे. यशू त्यांना म्हणाली, "माझी मम्मी पोलीस होणार आहे, मग ती तुम्हाला पकडेल." मॅडमनी विचारलं, "मी काय केलं बाई?" तर म्हणाली, "सुई टोचली."

मी प्रश्न वहीत लिहून नेले होते. तुझ्या नावावर विचारले, मुलीच्या आईला शंका आहेत असं सांगितलं. मॅडमनी पाऊण तास दिला. बाहेर माणसं बसलेली होती, तरी घाई केली नाही. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

पहिला प्रश्न हाच, की सहा महिने झाले, अजून किती दिवस बद्धकोष्ठाची पावडर द्यायची, आणि तिची सवय लागणार नाही का. मॅडमनी टेबलाच्या खणातून एक जुनं इलास्टिक काढलं. त्या प्रत्येकाला हेच दाखवत असणार, कारण ते अगदी पार सैल झालेलं होतं. म्हणाल्या, शी बरेच महिने आत साठून राहिली की शेवटचं आतडं असं ताणलं जातं. ताणलं की त्याला शी आल्याची जाणीव होत नाही. जाणीव नाही म्हणून मूल जात नाही, जात नाही म्हणून आणखी साठतं, आणखी कडक होतं, दुखतं. दुखतं म्हणून मूल धरून ठेवतं. "हे इलास्टिक काही परत येणार नाही. आतडं येतं, पण त्याला महिने लागतात. तेवढे महिने शी मऊ ठेवायची, दुखू द्यायचं नाही. पावडरचं काम एवढंच."

ही पावडर आतड्याला ढकलत नाही, चिमटे काढत नाही. ती पोटातलं पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्याने शी मऊ राहते. रक्तात ती जवळजवळ जातच नाही, जशी घेतली तशी बाहेर पडते. म्हणून आतडं आळशी होत नाही. लोक ज्या सवयीची भीती घालतात, ती सवय आजाराचीच असते, मॅडम म्हणाल्या. औषध मध्येच सोडलं, पोट परत धरलं, की लोक म्हणतात, बघा, औषधावाचून हिचं चालत नाही.

मी विचारलं, किती वर्षं दिली तर चालते? त्यांनी जरा विचार केला आणि मग उत्तर दिलं, ते मला आवडलं. म्हणाल्या, "वर्षभर, त्याहूनही जास्त घेतलेल्या मुलांवर लक्ष ठेवलेलं आहे. पोट फुगणं, कधी पातळ होणं, एवढंच दिसलं. मात्रा कमी केली की तेही थांबतं. दहा वर्षं घेतली तर काय, ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी सांगणार नाही. पण इतकं द्यायची वेळ बहुतेकांवर येत नाही. लवकर बंद केली तर काय होतं, ते मात्र मी रोज बघते." दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. कमी करायची तेव्हा त्याच सांगतील, आणि एकदम बंद न करता आठवड्या-आठवड्याने उतरवायची. तोवर पाणी भरपूर, जेवणानंतर दहा मिनिटं बसवायचं, झाली नाही तरी रागवायचं नाही.

रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. नाशिकला पुढच्या तपासणीला पाठवायचं म्हणत होत्या, ते आता नको म्हणाल्या. हे चांगलंच झालं.

आईला काढ्यावरून फोनवर तू बोललीस ते तू मनात धरून बसू नकोस आणि आईनेही धरू नये असं मला वाटतं. काढ्याने एवढं होत नाही, असं मॅडमच म्हणाल्या. दोन दिवसांच्या सोनामुखीच्या काढ्याने कळा वाढल्या असतील, पण पोटातली ती गाठ काही दोन दिवसांची नव्हती.

आई बरी आहे. बोलत नाही फारशी.

आज एवढंच लिहिते. उद्या पोस्टात टाकीन.


गुरुवार, ९ जानेवारी

पत्र टाकलं नाही. सकाळी पाकीट घेऊन निघाले होते, दारातून परत आले.

झालं असं की यशू ताट घेऊन आईसमोर जाऊन बसली. दूध-भाकरी कुस्करून हवी होती. तू असतेस तेव्हाही हे काम आईचंच, तिच्यासारखी भाकरी कुणाला चुरता येत नाही. यशू म्हणाली, "आजी, तू भरव." आईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडे मान करून म्हणाली, "फुईना हातनं खाय, माय." यशू तिच्या गुडघ्यावर ताट ठेवायला गेली तर आई उठून ओट्याकडे गेली आणि घासलेलीच भांडी परत घासायला लागली.

त्या रविवारी, २९ तारखेला, फोनचा स्पीकर चालू होता, वहिनी. "माझ्या पोरीच्या ताटाला हात लावू नका, सव्वीस जानेवारीला मी येते आणि तिला सावद्याला माझ्या आईकडे ठेवते," असं तू म्हणालीस. तुला राग येणं बरोबरच होतं. पाच वर्षांची पोर दवाखान्यात दोन दिवस ओरडत होती आणि तू तिथे परेडला उभी होतीस. आईने तुझं सगळं ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि त्या दिवसापासून तिने यशूच्या ताटाला हात लावलेला नाही. तू सांगितलंस म्हणून.

मी फोन हातात घेतला आणि तुझ्याशी हवापाण्याचं बोलले. ते मला आता सहन होत नाही.

आता खरं लिहिते. काढ्याने काही झालं नाही. पावडर मी बंद केली होती.

तू जाताना स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलंस. रोज जेवणानंतर पावडर दिली की त्या तारखेवर टिक करायची आणि रविवारी तुला फोटो पाठवायचा. मी एकही टिक चुकवली नाही. १ डिसेंबरपासून २३ पर्यंतच्या सगळ्या टिका खोट्या आहेत. त्याआधीच्या दीड महिन्याच्या अर्ध्या खोट्या. त्या फोटोंवरून तुला वाटलं, औषध तर रोज चालू होतं, मग बिघडलं कशाने? आणि आईच्या काढ्याचं नाव पुढे आलं.

कसं झालं ते सांगते. सांगितल्याने चूक कमी होत नाही, हे मला कळतं.

ऑक्टोबरमध्ये नेहमीच्या दुकानात पावडर मिळाली नाही. दुसरीकडून डबा आणला, त्यात बारीक अक्षरातला कागद होता. तुला माहीत आहे, मला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यात होतं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सात दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. मी तो तीनदा वाचला. डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, हे मला समजत होतं. तरी सात दिवस हा आकडा मनातून जाईना. आपण तर तीन महिने देत होतो. मला वाटलं, मॅडमकडे दिवसाला सत्तर मुलं येतात, एखाद्याची पावडर बंद करायची राहून गेली तर त्यांना कुठे कळणार? ज्यांच्या घरात वाचणारं माणूस आहे त्यांनी तरी लक्ष ठेवायला नको का?

मग मोबाइलवर बघितलं. तिथे एक माणूस पोटावर हात ठेवून सांगत होता की पावडरीने लहान मुलांचं आतडं आयुष्यभरासाठी निकामी होतं, आणि शेवटी स्वतःचं चूर्ण विकत होता. ते चूर्ण मी घेतलं नाही, पण त्याचं बोलणं घेतलं. केंद्रात प्रमिलाबाई दाखल्यासाठी आल्या होत्या, त्यांनीही सांगितलं की त्यांच्या भाच्याला पावडरची अशी सवय लागली की दहावीच्या पेपरालाही घेऊन गेला. मी विचारलं नाही, कोणती पावडर.

मॅडमना फोन करता आला असता. चिठ्ठीवर नंबर आहे. का केला नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. आपल्या गल्लीत कुणाच्या घरी कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. बँकेचा, शाळेचा, कोर्टाचा, औषधाचा. मी वाचते, 'ठीक आहे' म्हणते, आणि मग अंगठा उठतो. आठवी-नववीत होते तेव्हापासून हे चालू आहे. मला लोक विचारतात. मी कुणाला विचारायचं असतं, ही सवयच मला राहिलेली नव्हती.

आधी मात्रा अर्धी केली. पंधरा दिवस काही बिघडलं नाही, उलट मला वाटलं, बघ, अर्ध्यावर चालतंय. दिवाळीनंतर ती तीन-तीन दिवस जाईना. दाराआड पाय आवळून, तोंड लाल करून उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, "मी खांब आहे." मी हसायचे.

मग चड्डी खराब व्हायला लागली. दिवसातून दोनदा, तीनदा, पातळ डाग. शाळेतून बाईंनी दोन वेळा घरी पाठवली. एकदा तिने चड्डी काढून धान्याच्या कोठीमागे लपवली होती, मला वासाने सापडली. मी तिला रागावले, वहिनी. म्हटलं, एवढी मोठी झालीस, कळत नाही? ती म्हणाली, "मला येताना कळतच नाही, फुई."

ती अगदी खरं सांगत होती. मॅडमनी नंतर मला चित्र काढून दाखवलं. आत दगडासारखी गाठ बसलेली असते आणि तिच्या बाजूने पातळ झिरपत राहतं. मुलाला कळत नाही, थांबवता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जुलाब होत आहेत. मलाही तसंच वाटलं. मला वाटलं, औषध जास्त झालं. म्हणजे औषध हवं होतं तेव्हा मी ते पूर्ण बंद केलं.

पण रोजचा पेला बंद केला नाही. आईला, भाऊला कळलं असतं, यशूनेही विचारलं असतं. पेल्यात पाणी आणि चिमूटभर साखर. चमच्याने ढवळायचे, तिला द्यायचे, टिक करायचे. माझ्यासारखी, जी दुसऱ्याच्या अर्जावर जन्मतारीख खोटी लिहून देत नाही म्हणून लोकांशी भांडते, तिने तेवीस दिवस हे केलं. आणि मला त्या वेळी ते खोटं वाटत नव्हतं. मला वाटत होतं मी तिला वाचवते आहे.

२२ तारखेला पोट टणक झालं. आईने सोनामुखी आणि ओव्याचा काढा दिला, तिच्या आईकडून शिकलेला. २४ ला उलट्या सुरू झाल्या. भाऊने जिनिंगमधल्या मित्राची गाडी आणली, आम्ही जळगावला गेलो.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "पावडर चालू आहे ना?"

मी हो म्हटलं.

"पूर्ण मात्रा?"

पूर्ण.

"मग आणखी काय दिलं होतं?"

मी म्हटलं, आईने काढा दिला होता. आई तिथेच भिंतीला टेकून उभी होती. मॅडम तिला बरंच बोलल्या. आई फक्त मान हलवत होती.

याहून वाईट पुढे आहे. पूर्ण मात्रा देऊनही एवढी गाठ झाली म्हणजे दुसरा काही आजार असेल, असं मॅडमना वाटलं. म्हणून यशूचं रक्त घेतलं. दोन नळ्या. तिला मी धरलं होतं. ती माझ्या कानाशी ओरडत होती, "फुई, सांग ना यांना." मी सांगितलं नाही. ते रक्त माझ्या एका शब्दामुळे काढलं गेलं.

मॅडम खालून औषध देऊन आणि पावडरच मोठ्या मात्रेत देऊन दोन दिवसांत तिचं पोट मोकळं करू शकल्या. घरी आल्यावर भाऊ रोज माझ्यासमोर उभा राहून विचारायचा, "दिली का?" त्यामुळे २६ डिसेंबरपासूनच्या टिका खऱ्या आहेत.

सोमवारी मॅडमनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, नाशिकला पाठवते, तिथे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतील. यशू खिडकीत बसून बसगाड्या मोजत होती. तेव्हा मी सांगितलं. काल लिहिलेले ते प्रश्न तुझे नव्हते, वहिनी. तू कधीच शंका काढली नव्हतीस. तुझ्या नावावर सुरुवात केली आणि नाशिकचं ऐकल्यावर पुढे रेटता आलं नाही. म्हटलं, मॅडम, आईची शंका नाही, माझी आहे, आणि मी पावडर बंद केली होती.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आठवड्यात दोन-तीन घरं तरी असं करून येतात. काही माझ्याशी भांडतात, मला ते चालतं. भांडण झालं की मला कळतं तरी. तुम्ही भांडायचं होतं." मग नाशिकच्या कागदावर रेघ मारली. त्यानंतरचा पाऊण तास म्हणजे ते इलास्टिक आणि बाकीचं सगळं, जे मी काल तुला अगदी शहाणपणाने लिहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर आईलाही सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "आई, यशूची पावडर मीच बंद केली होती."

ती म्हणाली, "माले मालूम शे."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. परत सांगितलं. तिने शेंग सोलायची थांबवली नाही. "पेलामा उरेल पाणी मी पिधं व्हतं. गोड लागनं. महिना व्हयना."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू वाचीसन करं व्हई, असं वाटनं."

वहिनी, मी त्या वाक्यापासून अजून पुढे गेलेले नाही. तिने पेला चाखला, साखरेच्या पाण्यावरून तिला कळलं, तिच्या डोळ्यांदेखत नात दाराआड उभी राहून कुंथत होती, आणि तिने स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला. काढाही तिने म्हणूनच दिला असणार. मला खोटं न पाडता काहीतरी करायचं म्हणून. हे तिने सांगितलेलं नाही, माझा अंदाज आहे.

मी विचारलं, मॅडम बोलल्या, वहिनी बोलली, तेव्हा तरी सांगायचं. तर म्हणाली, "मनं काय, मी अडानी बाई. अडानी चुकनी ते कोनी इचारत नही. तू चुकनी ते उद्या तुले कागद कोन दखाडी?"

तिने पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं, असं लोक म्हणतात तेव्हा मला नेहमी फक्त शाळा-कॉलेज आठवायचं. माझं नाव राखायचं कामही ती करते आहे आणि त्यासाठी नातीच्या ताटावरून हात काढून बसली आहे, हे मला दिसत नव्हतं. म्हणजे दिसत होतं. २९ तारखेपासून दिसत होतं. मी बघत नव्हते.

भाऊला काल रात्री जेवताना सांगितलं. तो जेवण अर्धं ठेवून उठला, आणि आज पाळीला जाताना मला म्हणाला, "ज्योतीला तूच सांग. मी सांगितलं तर ती मला विचारेल, तू कुठे होतास?" त्यालाही तू बोलशील. पण तो पाळी करून येत होता आणि कॅलेंडरवर टिका बघत होता. त्यालाही मीच फसवलं.

आता तुझ्याकडे काय मागते ते लिहिते. माफी मागत नाही. ती तुला द्यावीशी वाटली तर तू देशील, मी मागितली तर ती तुझ्यावर ओझं होईल.

यशूची पावडर थांबू देऊ नकोस, ती कुठेही राहिली तरी. सावद्याला नेलीस तर तिथे तुझ्या आईला कुणीतरी येऊन सांगेल की एवढी पावडर बरी नाही. सांगणारे माझ्यासारखेच असतील, काळजीने सांगतील. त्यांना मॅडमचा नंबर दे. मागच्या पानावर लिहिला आहे.

आणि सव्वीसला येशील तेव्हा, यशूला कुणापासून दूर करायचं असेल तर माझ्यापासून कर. मी केंद्राजवळ खोली बघते, किंवा दुसरं काही. आईपासून करू नकोस. पावडर खरं तर तिने द्यावी असं मला वाटतं. डब्यात मापाचा चमचा आहे, सपाट भरायचा, एवढंच आहे, वाचायचं काही नाही. पण तू नको म्हटलं आहेस, आणि तुझा शब्द आल्याशिवाय ती पेल्याला हात लावणार नाही. माझ्या सांगण्याने ती आता ऐकत नाही, आणि हे बरं झालं.

रविवारी फोन आईच्या हातात असेल. मी घरी थांबणार नाही, म्हणजे तुम्हा दोघींना माझ्यासमोर बोलावं लागणार नाही. हिरवं बटण कुठलं ते यशू तिला दाखवेल.

हे सगळं आत्ता आईला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "लिखता येस म्हनीसन बठ्ठंच लिखनं पडस का? फाडी टाक." मी म्हटलं, नाही आई. ती उठली आणि पाकीट चिकटवायला भात लागेल म्हणून वाटीत चार शितं घेऊन आली.

तुझ्या उत्तराची वाट बघते. यशूची फुई असं लिहिणार होते, पण ते तू ठरवल्यावर लिहीन.

शिल्पा